लारावेल बूस्ट आणि कॉन्टेक्स्ट७: एआय असिस्टंटला डॉक्युमेंटेशन जोडून काही महिने काम केल्यावर

लारावेल बूस्ट आणि कॉन्टेक्स्ट७ ही दोन साधनं कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटला लायब्ररींचं (तयार कोडच्या संचांचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरायची माहिती, शोधून देतात. निकाल आधीच सांगून टाकतो. बूस्ट सगळ्या प्रोजेक्टमध्ये कायम राहिलंय, कॉन्टेक्स्ट७ एका प्रोजेक्टपुरतं चालू आहे, आणि ‘लेटेस्ट डॉक्स’ हे शब्द जाहिरातीत दिसले की मी आता लगेच खूश होत नाही. ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच ठरवायचंय, त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

आमची सांगलीतली छोटी टीम आहे. पतसंस्था, दूध संस्था, एक-दोन शाळा असे ग्राहक. सगळं काम लारावेल (पीएचपीतली वेबसाठीची चौकट), लाइव्हवायर (पान परत न उघडता त्यातला भाग बदलणारं) आणि टेलविंडवर (रंगरूपाचे तयार सीएसएस क्लास), अ‍ॅडमिन पॅनेलला फिलामेंट. (पीएचपी मेली म्हणणाऱ्यांना नमस्कार, आमचं बरं चाललंय.) अडचण अशी की प्रत्येक ग्राहकाची गाडी वेगळ्या स्टेशनवर उभी आहे. एक प्रोजेक्ट लारावेल १० वरून ११ वर आणलेला, एक थेट १२ वर सुरू केलेला, एकात टेलविंड ३, दुसऱ्यात ४. सगळं एकदम अपग्रेड करायला ना ग्राहक पैसे देतो, ना आम्हाला वेळ असतो.

असिस्टंट जुना कोड का लिहितो, याचं कारण बहुतेक लोक ‘त्याचं ट्रेनिंग अमुक तारखेला थांबलं’ एवढंच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. लाइव्हवायर ३ हे ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. त्यानंतर ट्रेन झालेल्या मॉडेलला ते माहीत असतंच. पण त्याआधीच्या कित्येक वर्षांचे ट्युटोरियल, प्रश्नोत्तरं आणि गिटहबवरचा कोड लाइव्हवायर २ चा आहे. माहिती दोन्हींची आहे, पण वजन जुन्या बाजूला जास्त. म्हणून विचारलं तर नवा नियम बरोबर सांगतो आणि लिहायला बसला की हात जुन्या वळणावर जातो.

ठसठशीत उदाहरण देतो. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद शोधायची चौकट आहे. क्लार्क ‘पाटील’ टाइप करायला लागला की खाली यादी गाळत यायला हवी. असिस्टंटने इनपुटवर वायर-मॉडेल (चौकटीतला मजकूर सर्व्हरशी जोडणारी खूण) लावलं आणि त्याला तीनशे मिलिसेकंदांचा डिबाउन्स (टायपिंग थांबल्यावर तेवढा वेळ थांबून मगच पाठवायचं) जोडला. लाइव्हवायर २ मध्ये हे अगदी बरोबर होतं. ३ मध्ये मात्र वायर-मॉडेल मुळातच थांबून राहतं: एखादी अ‍ॅक्शन होईपर्यंत सर्व्हरकडे काहीच जात नाही. टाइप करताकरता हवं असेल तर ‘लाइव्ह’ हा मॉडिफायर स्वतंत्र लावावा लागतो आणि डिबाउन्स त्याच्यानंतर. लावला नाही तर एरर येत नाही, कन्सोल स्वच्छ, लॉग रिकामा. यादी नुसती ढिम्म बसून राहते. याउलट त्याने जुनं ‘एमिट’ (इव्हेंट पाठवायची मेथड, ३ मध्ये तिचं नाव ‘डिस्पॅच’) लिहिलं असतं तर मेथड सापडत नाही म्हणून लगेच बोंब झाली असती आणि एका मिनिटात ‘डिस्पॅच’ करून मोकळे झालो असतो. बोंब मारणाऱ्या चुकांसाठी मला कुठल्याही साधनाची गरज नाही, एरर परत चिकटवली की असिस्टंट स्वतःच दुरुस्त करतो. साधन हवंय ते या मुक्या चुकांसाठी.

आता साधनांकडे. दोन्ही एमसीपीवर चालतात. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला हा प्रोटोकॉल, ज्याने असिस्टंटला बाहेरची साधनं जोडता येतात. कॉन्टेक्स्ट७ हे अपस्टॅशचं. असिस्टंट आधी लायब्ररीचं नाव देऊन तिची ओळख शोधतो, मग त्या ओळखीवरून विषयाशी संबंधित डॉक्युमेंटेशन आणि कोडचे तुकडे मागवतो. हजारो लायब्ररी आहेत, जावास्क्रिप्टपासून पायथनपर्यंत काहीही.

लारावेल बूस्ट हे खुद्द लारावेलचं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं. कंपोझरने (पीएचपीची पॅकेज बसवणारं साधन) डेव्ह-डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटपुरतं, टाकायचं, एक आर्टिसन (लारावेलची कमांड-लाइन) कमांड चालवायची, कोणता एडिटर आणि कोणता एजंट ते सांगायचं, झालं. ते असिस्टंटला डेटाबेसची रचना, शेवटची एरर, लॉग वगैरे बघू देतं. डॉक्युमेंटेशन शोधायचं साधन लारावेलच्या सर्व्हरवरून उत्तर आणतं. सुरुवातीलाच त्यात सतरा हजारांहून जास्त तुकडे असल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं. पण माझ्या लेखी खरी किंमत दुसऱ्याच गोष्टीची आहे: शोध घेताना ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं बसवलंय ते बघतं आणि त्याच आवृत्तीचं उत्तर आणतं.

हे एवढं महत्त्वाचं का, ते टेलविंडमुळे कळलं. टेलविंड ४ हे जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि मांडणीच बदलली. जावास्क्रिप्टमधली कॉन्फिग फाइल जाऊन सगळं सीएसएसमध्येच लिहायचं, वरच्या तीन टेलविंड-ओळी जाऊन एकच इम्पोर्ट. ग्रेडियंटच्या क्लासचं नावसुद्धा ‘ग्रेडियंट’चं ‘लिनिअर’ झालं. आमच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये टेलविंड ३ आहे. तिथे सुरुवातीला एक सर्वसाधारण डॉक्स-सर्व्हर जोडला होता (नाव घेत नाही, या जातीच्या बऱ्याच सर्व्हरची तीच गत असते). त्याने इमानेइतबारे सगळ्यात ताजं डॉक्युमेंटेशन आणून दिलं, म्हणजे ४ चं. असिस्टंटने ते वाचून शाळेच्या फी-पावतीच्या पानावर नवे क्लास लिहिले. टेलविंडला ओळखता न येणारा क्लास दिसला तर ते तक्रार करत नाही, गप्प सोडून देतं. पावतीचा हिरवा पट्टा पांढरा. गंमत म्हणजे काहीच न जोडता विचारलं असतं तर असिस्टंटने सवयीने ३ चंच लिहिलं असतं आणि ते बरोबर आलं असतं!

माझं म्हणणं एवढंच आहे. असिस्टंटला ताजं नको, कंपोझर.लॉक आणि पॅकेज-लॉकमध्ये (बसवलेल्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फाइली) जे लिहिलंय त्याचं डॉक्युमेंटेशन हवं. कॉन्टेक्स्ट७ मध्येही लायब्ररीच्या ओळखीला आवृत्ती जोडून मागता येतं, त्यांच्याकडे ती आवृत्ती साठवलेली असेल तर. पण ते तुम्ही सांगावं लागतं, असिस्टंटसाठीच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. बूस्ट स्वतः बघून घेतं.

तरी आवृत्ती जुळली म्हणजे सुटलो असंही नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२४ मध्ये लारावेल ११ आलं, त्यात प्रोजेक्टचा सांगाडा आटोपशीर केला. मिडलवेअरची (प्रत्येक विनंती पुढे जाण्याआधी तपासणारा कोड) यादी ठेवणारी एचटीटीपी कर्नलची फाइल गेली, मिडलवेअर आता बूटस्ट्रॅप फोल्डरमधल्या अ‍ॅप फाइलमध्ये नोंदवायचं. नव्या प्रोजेक्टमध्ये असिस्टंटने जुन्या सवयीने कर्नल फाइल तयार केली तर ती नुसती पडून राहते, कोणी तिला विचारत नाही. ‘ज्या शाखेचा क्लार्क त्याच शाखेचे सभासद दिसावेत’ हे तपासणारं मिडलवेअर तुम्ही त्या मेलेल्या फाइलमधल्या वेब-ग्रुपमध्ये टाकलंत, तर सॉफ्टवेअर चालतं, फक्त तपासणी होत नाही. पतसंस्थेत याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

उलट बाजू आणखी वाईट. लारावेलच्या अपग्रेड गाइडमध्येच स्पष्ट लिहिलंय की १० वरून ११ वर येताना जुना सांगाडा बदलायच्या फंदात पडू नका, ११ जुन्या सांगाड्यावरही चालतं. आमचा तो प्रोजेक्ट असाच: आवृत्ती ११, घर जुनं. आता असिस्टंटला ११ चं अचूक डॉक्युमेंटेशन मिळालं की तो म्हणतो, मिडलवेअर बूटस्ट्रॅपच्या अ‍ॅप फाइलमध्ये. फाइल उघडतो, ती जुन्या धाटणीची दिसते, म्हणून ती नव्या धाटणीने पूर्ण लिहून काढतो. डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) दिसायला एकदम नीटनेटकं. पण त्याबरोबर जुन्या कर्नलमधलं सगळंच मिडलवेअर बाद! बूस्टच्या मार्गदर्शक नियमांमध्ये या परिस्थितीची दखल घेतलेली आहे: प्रोजेक्ट १० वरून आणलेला आहे, सांगाडा जुनाच आहे, तोच पाळा, असं ते असिस्टंटला लिहून देतं. लिहिणाऱ्याने असे प्रोजेक्ट हाताळलेले आहेत, हे त्या दोन ओळींवरून कळतं. मी तरीही बूटस्ट्रॅपच्या फाइलला हात लावायचा नाही अशी एक ओळ आमच्या नियमांत स्वतंत्र टाकली आहे.

पुढचा मुद्दा: साधन जोडलं म्हणजे असिस्टंट ते वापरेलच असं नाही. जे आपल्याला येतं असं त्याला वाटतं ते तो शोधत नाही, आणि लाइव्हवायर त्याला येतं असं त्याला ठामपणे वाटतं. अनोळखी पॅकेज असेल तर लगेच धावतो. म्हणजे गरज जिथे जास्त तिथेच शोध कमी. नियमांच्या फाइलमध्ये ‘लाइव्हवायर, टेलविंड, फिलामेंट यांचा कोड लिहिण्याआधी डॉक्स शोध’ असं नावानिशी लिहिल्यावर फरक पडला. नुसतं ‘गरज वाटल्यास’ लिहिलंत तर गरज कधीच वाटत नाही. संभाषण लांबलं की तरीही विसरतो. म्हणून नवं काम नव्या संभाषणात, आणि उत्तर वाचण्याआधी स्क्रीनवर शोध घेतल्याची ओळ दिसतेय का ते बघायचं.

टोकनचा (असिस्टंट वाचतो-लिहितो त्या मजकुराच्या तुकड्यांचा) खर्च वाढतो, अर्थात. प्रत्येक शोधाचं उत्तर संभाषणात येऊन बसतं. एका वेळी चार-पाच एमसीपी सर्व्हर चालू ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

सुरक्षेबद्दल दोन शब्द. कॉन्टेक्स्ट७ वरच्या लायब्ररी लोकांनी जोडलेल्या असतात आणि अचूकतेची खात्री देत नाही हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. बाहेरून आलेला मजकूर असिस्टंट सूचना म्हणूनही वाचू शकतो, त्यामुळे अनोळखी लायब्ररीचे तुकडे आणून त्यातल्या कमांड आपोआप चालवायची परवानगी मी देत नाही. शोधाच्या वाक्यात ग्राहकाचं नाव, टेबलमधला डेटा जाऊ द्यायचा नाही हेही नियमांत आहे, कारण ते वाक्य तुमच्या मशीनबाहेर जातं.

इंटरनेट गेल्यावर (इथे वळवाचा पाऊस आला की जातंच) कामाला येतो तो जुनाच उपाय. लारावेलचं डॉक्युमेंटेशन गिटहबवर आवृत्तीनिहाय वेगळ्या ब्रँचमध्ये साध्या मार्कडाउन फाइलींत आहे. हवी ती ब्रँच क्लोन करून प्रोजेक्टशेजारी ठेवायची आणि असिस्टंटला त्यात ग्रेप करायला (शब्द शोधायला) सांगायचं. फुकट, टोकन कमी, आवृत्तीचा घोळ नाही. आणि त्याहून खात्रीचं म्हणजे व्हेंडर फोल्डर, जिथे बसवलेल्या पॅकेजचा प्रत्यक्ष कोड असतो. तिथला कोड तुमच्या आवृत्तीचाच असतो, दुसरा असूच शकत नाही. फिलामेंटच्या बाबतीत मी हल्ली थेट हेच सांगतो: क्लास व्हेंडरमध्ये शोधून मग इम्पोर्ट लिही. ३ मधून ४ मध्ये जाताना टेबलवरच्या अ‍ॅक्शनचा नेमस्पेस (क्लासचा कोडमधला पत्ता) बदललाय, आणि तिथे आठवणीतून लिहिलेली इम्पोर्टची ओळ निम्म्या वेळा चुकीची निघते.

या सगळ्या साधनांत न सापडणारं एक डॉक्युमेंटेशन उरतं, ते आपल्याकडचं. आमच्या एसएमएसवाल्या कंपनीचं एपीआय डॉक्युमेंटेशन म्हणजे ईमेलने आलेली पीडीएफ. शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांमुळे प्रत्येक मेसेजचा मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजच्या नोंदणीची यंत्रणा) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळावा लागतो. असिस्टंट हप्त्याच्या आठवणीचा मेसेज फार छान मराठीत लिहून देतो, ‘सप्रेम नमस्कार’सकट, आणि टेम्प्लेटशी न जुळल्यामुळे तो सभासदापर्यंत पोचतच नाही. ती पीडीएफ आम्ही मार्कडाउनमध्ये उतरवली, मंजूर टेम्प्लेट त्यांच्या आयडीसकट दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली आणि दोन्हींचा पत्ता नियमांच्या फाइलमध्ये दिला. बूस्टमध्ये आपले स्वतःचे नियम जोडायची सोय आहे, तिथेच. टेम्प्लेटची फाइल मात्र हाताने अद्ययावत ठेवावी लागते, आणि ते काम सध्या टीममध्ये ज्याच्याकडे डीएलटीचं लॉगिन आहे त्याच्या गळ्यात आहे.