सपोर्ट खेळायचंय? डोटा की लीग, फक्त आयटमपुरतं बोलू

सिडकोतल्या आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये सपोर्ट, म्हणजे टीममधल्या बाकीच्यांना वाचवणारा आणि मदत करणारा खेळाडू, व्हायला कुणी तयार नसायचं. ते काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडलं. परवा नाशिकरोडच्या मामेभावाने विचारलं, "दादा, मला सपोर्टच खेळायचंय. डोटा २ शिकू की लीग ऑफ लेजेंड्स?" पाच विरुद्ध पाच असे हे दोन्ही ऑनलाइन गेम बरेच खेळलोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आयटम, म्हणजे मॅचमध्ये गोल्ड देऊन घ्यायच्या वस्तू; या गोल्डच्या बाबतीत लीग उजवी आहे. सुरुवातीला वर्ल्ड अ‍ॅटलस हा सपोर्टचा आयटम घेतला की तोच गोल्ड मिळवून देतो, पुढे वॉर्डही (नकाशावर ठेवायचे टेहळणीचे डोळे) त्यातूनच मिळतात. आधी या जागी चार वेगवेगळे आयटम होते. 2024 च्या सीझनला त्यांचा एकच केला आणि शेवटी पाचांतून एक निवडायची मुभा दिली. मेल्यावर गोल्डही जात नाही. डोटात मात्र मेलं की खिसा हलका होतो. 2019 च्या शेवटी आलेल्या 7.23 पॅचपासून (गेममधल्या बदलांपासून) ऑब्झर्व्हर वॉर्ड फुकट आहेत, आयटम आणून देणारा कुरियर ज्याचा त्याला मिळतो, तरी सेन्ट्री वॉर्ड, स्मोक, डस्ट (लपलेले शत्रू शोधायला आणि आपण लपून जायला लागणाऱ्या वस्तू) यांचा खर्च बहुतेक वेळा सपोर्टच्याच अंगावर पडतो. तीन वेळा मेलो की फोर्स स्टाफ (कुणालाही पुढे ढकलणारा आयटम) घेणं लांबतं, आणि तोवर मॅच हातातून निसटलेली असते. निव्वळ वॉर्ड-डस्टसाठी लागणारं थोडं गोल्ड तरी मेल्यावर कापू नये, असं मला फार वाटतं.

तरी माझं मन डोटाकडे झुकलं, आणि त्याला कारण एकच.

लीगमध्ये मी लुलू नावाचं पात्र खेळायचो, आर्डेंट सेन्सर हा आयटम घेऊन. कॅरीला, म्हणजे टीमच्या मुख्य मारणाऱ्या खेळाडूला, शील्ड दिलं की त्याचा अटॅक स्पीड आपोआप वाढतो. आयटम ताकदवान आहे यात शंका नाही. 2017 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जो तो त्याच्याच मागे होता. पण फाइट जिंकल्यावर ती आयटममुळे जिंकली की त्याच्याशिवायही जिंकलो असतो, हे मला कधीच कळलं नाही. कॅरीलाही कळायचं नाही. काही आयटमवर कर्सर नेला की आकडा दिसतो, पण ऐन फाइटमध्ये कर्सर कोण नेणार? हीच गोष्ट मला सतत टोचत राहिली. आपण कळ दाबली तरच चालणारे आयटम लीगमध्येही आहेत, लॉकेट आहे, मिकाएल आहे, आणि रिडेम्प्शन तर मेल्यावरही टाकता येतं, ते मला अजून आवडतं. पण माझ्या खेळात जास्त पैसे आपोआप चालणाऱ्या आयटमवरच जायचे. आपल्या आयटममुळे कोण वाचलं, एवढं जरी त्याच क्षणी स्क्रीनवर दिसलं असतं, तर कदाचित मी तिथेच राहिलो असतो.

डोटात दिवाळीच्या सुट्टीतली एक मॅच लक्षात आहे. शत्रूच्या क्लॉकवर्क या पात्राने आमच्या स्नायपर या पात्राला दातेरी चाकांच्या कुंपणात कोंडलं. स्नायपर खेळत होता हाच मामेभाऊ. "दादा, ढकल!" म्हणून ओरडला. फोर्स स्टाफ समोरच्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच ढकलतो, आणि याचं तोंड शत्रूकडे! "आधी वळ!" मी ओरडलो. तो वळला, मी कळ दाबली, तो कुंपणाबाहेर. लगेच अदृश्य करणारा ग्लिमर केप त्याच्यावर टाकला आणि तो दिसेनासा झाला. कुणी वाचवलं हे पाचही जणांनी पाहिलं.

ज्याला रोज एखादीच मॅच शांतपणे खेळायची आहे, त्याने लीग घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. पिंगचंही (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बघा: डोटाला भारतातला सर्व्हर मिळतो, लीगला मला सिंगापूर गाठावं लागायचं, आणि अर्ध्या सेकंदात कळ दाबायची तर तो फरक जाणवतो.

मामेभावाला मी डोटा डाउनलोड करायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात त्याने मलाच दोनदा शत्रूच्या घोळक्यात ढकललं. आता ढकलायच्या आधी "दादा, वळ" म्हणतो.