बंदूक घेऊन गोव्यात राहायला येताय? आधी म्हापशाच्या या दुकानात विचारा

म्हापशातल्या या बंदुकीच्या दुकानाबद्दल मुद्दाम लिहितोय, कारण दुसऱ्या राज्यातून गोव्यात राहायला येणाऱ्या लायसन्सवाल्या माणसाला सरळ सांगणारं कोणी भेटतच नाही, जो तो आपापलं ठोकून देतो. मी फौजेतून रिटायर, गाव गडहिंग्लजकडचं, मुलगा डिचोलीला नोकरीला आहे म्हणून आम्ही दोघं आता कायमचे इकडे. माझ्याकडे .32 चं रिव्हॉल्वर आहे, लायसन्स कोल्हापूर जिल्ह्याचं आणि त्यावर व्हॅलिडिटी ऑल इंडिया. गावाकडे सगळे म्हणाले ऑल इंडिया आहे ना, मग खुशाल घेऊन जा, काही करायला लागत नाही. आणि इकडे एका एजंटने सांगितलं की महाराष्ट्राचं लायसन्स गोव्यात चालतच नाही, नवीनच काढायचं, आणि वर भली मोठी रक्कम सांगितली. दोघांचंही चूक. हे मला या दुकानाच्या मालकांनी फोनवरच समजावलं, सामान हलवायच्या आधी, मी त्यांचं गिऱ्हाईकसुद्धा नव्हतो तेव्हा.

ते म्हणाले, "भाऊ, व्हॅलिडिटी म्हणजे हत्यार कुठे नेता येतं ते, आणि पत्ता म्हणजे तुमची फाईल कोणाच्या टेबलावर ते. दोन्ही वेगळं." मग सविस्तर सांगितलं. शस्त्र कायदा 1959 चा, केंद्राचा, सगळ्या देशाला एकच, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली म्हणून लायसन्स मरत नाही. पण तुम्ही राहायची जागा कायमची बदलली, किंवा तात्पुरती पण 30 दिवसांपेक्षा जास्त, आणि हत्यार बरोबर नेलं, तर 30 दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवायचं, जिथे राहायला आलात तिथल्या अधिकाऱ्याला आणि ज्यांनी लायसन्स दिलं किंवा शेवटचं रिन्यू केलं त्यांनाही. इकडच्यांनी मागितलं तर लायसन्स आणि हत्यार दोन्ही दाखवायचं, ते नवीन पत्त्याची नोंद करतात, आणि मग पुढचं रिन्यूअल इकडेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत 3 वर्षांची 5 वर्षं झाली, त्यामुळे माणूस निवांत राहतो आणि पत्त्याचं राहूनच जातं. यूआयएन नंबर, म्हणजे प्रत्येक लायसन्सधारकाला मिळणारा ओळख क्रमांक, मात्र तोच राहतो, नवीन लायसन्स काढायचा प्रश्नच नाही. उत्तर गोव्यात राहणाऱ्यांचं काम पणजीच्या कलेक्टर ऑफिसात आणि दक्षिणेकडच्यांचं मडगावला, हेही त्यांनीच सांगितलं.

ज्यांच्या लायसन्सवर फक्त महाराष्ट्र लिहिलंय त्यांचं गणित वेगळं. मी काउंटरवर असतानाच सावंतवाडीकडचा एक तरुण मुलगा आला होता, घरात 12 बोअर, नोकरी म्हापशात लागलेली. त्याला मालक म्हणाले, बंदूक घेऊन गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडू नकोस, तिकडेच पोलीस ठाण्यात नाहीतर हत्यार सांभाळून ठेवायची, म्हणजे सेफ कस्टडीची, परवानगी असलेल्या डीलरकडे जमा कर, पावती घे, आधी व्हॅलिडिटी वाढवून घे मग आण. तो म्हणाला तासाभराचा तर रस्ता आहे. तर मालक शांतपणे म्हणाले, रस्ता तासाचा असला तरी पलीकडे ती बिनलायसन्सची बंदूक होते. त्यांनी त्याला हत्यार इकडे आणून ठेव असं म्हणून आपला कस्टडीचा धंदा केला असता तर त्या पोराला काय कळणार होतं? मला या दुकानाचं सगळ्यात जास्त हेच आवडलं. धंदा सोडतात पण चुकीचं सांगत नाहीत.

मलाही काडतुसं लगेच दिली नाहीत, लायसन्सवर गोव्याचा पत्ता चढला की या म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

(माझा पुतण्या टेक्सासला असतो, त्याच्याशी यावर बोलणं झालं. तिकडे लपवून बाळगायचं परमिट प्रत्येक राज्याचं वेगळं, एकाचं दुसऱ्याने मानायचं की नाही हे ते दुसरं राज्य ठरवतं, कॅलिफोर्निया तर बाहेरच्या कुठल्याच राज्याचं मानत नाही. टेक्सासने 2021 पासून बहुतेक लोकांना परमिटशिवायच मुभा दिली पण ती त्यांच्या हद्दीपुरती. त्या मानाने आपल्याकडे एकच कायदा आहे हे फार बरं, फक्त तो नीट सांगणारा माणूस पाहिजे.)

पत्त्याची नोंद होईपर्यंत हत्यार घरात ठेवायचं मला नको होतं, नातवंडं लहान आहेत, म्हणून यांच्याकडेच जमा केलं. जमा करून घ्यायची पद्धत बघण्यासारखी आहे. सिलिंडर उघडून रिकामं आहे हे आधी मला दाखवलं, मग मालकांनी टॉर्च आणि भिंग घेऊन फ्रेमवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि पोऱ्याने तो लायसन्सवर बघून रजिस्टरमध्ये उतरवला, नंतर दोघांनी जागा बदलून परत वाचला. काडतुसं ट्रेमध्ये ओळीने लावून माझ्यासमोर मोजली. पावतीवर काडतुसांचा आकडा छापून येत नव्हता तर हाताने लिहून सही शिक्का दिला, मागायला लागलं नाही. महिन्याचा चार्ज भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेला आहे आणि तेवढाच घेतला. आणि गोव्याची हवा बघता हे महत्त्वाचं आहे, इथे पावसाळ्यात कपाटातल्या बेल्टच्या बकलला गंज चढतो, पण माझं रिव्हॉल्वर परत मिळालं तेव्हा बॅरलमध्ये तेलाचा पातळ हात होता आणि कुठे ठिपकासुद्धा नव्हता.

गोव्यातल्याच सत्तरी आणि सांगे तालुक्यांकडचे बागायतदारही इथे येतात, रानडुक्कर आणि माकडांपासून पीक राखायला त्यांच्याकडे सिंगल बॅरल, म्हणजे एकनळी बंदूक असते. निवडणूक आली की बंदुका जमा करायची नोटीस येते आणि नेमकी तेव्हा बागेत नासधूस होते ही त्यांची जुनी तक्रार, मला ती शंभर टक्के पटते. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नका, छाननी करणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीने एकेकाचं बघून ठरवावं, असं मुंबई हायकोर्टाने म्हटलंय आणि ती केस गोव्यातलीच होती. मालक प्रत्येकाला सांगतात की पीक राखायचं कारण लिहून अर्ज करा, आणि अर्जाचा नमुना फुकट देतात.

होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायचं चामडी कव्हर, पण इथूनच घेतलं. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार उघडं मिरवायचं नाही, होल्स्टरमध्ये नाहीतर तसल्या बॅगेत, झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे. आपल्याकडे लपवून बाळगायला वेगळं परमिट लागत नाही, झाकूनच न्यायचं असतं, आणि लग्नावरातीत हवेत बार काढला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चामडं चांगलं जाड आहे, शिवण दुहेरी, बटण एका हाताने निघतं पण चालताना आपोआप सुटत नाही. बायको म्हणाली जरा जड आहे, ते खरंय.

आता जे आवडलं नाही ते. फोन दुपारनंतर कोणी उचलत नाही. कागदपत्रं बघायला मालक स्वतः लागतात आणि ते फक्त सकाळी असतात, पोऱ्याला विचारलं तर उद्या या एवढंच म्हणतो, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या काणकोणहून आलेल्या माणसाने काय करायचं? निदान दारावर वेळ तरी लिहा. डावखुऱ्यांसाठी होल्स्टर एकही नाही. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या दिवशी हत्यार घेऊन गर्दीतून चालत जाऊ नका, दुसरा वार बघा. येताना मूळ लायसन्स, आधार, गोव्यातल्या घराचं भाडेकरार किंवा लाईट बिल आणि जुन्या ऑफिसला पाठवलेल्या पत्राची पोच, सगळ्याच्या झेरॉक्स करूनच या, दुकानात मशीन नाही.