टेस्ट, अनुभव की पीएससी? इंदूरच्या पदवीधरासाठी तुलना

रामबागेत किंवा लोकमान्य नगरात शेवटच्या वर्षाच्या मुलाला कुणी 'पुढे काय?' विचारलं, की उत्तर बहुधा तयार असतं: 'पीएससी', म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा. विचारणारे काका गप्प होतात, आई-बाबाही निवांत. पण आपल्याला कुठलं काम हवंय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे वाटा तीन असतात. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन समुपदेशकाला विचारायचं, एखाद्या कामात प्रत्यक्ष शिरून पाहायचं, नाहीतर परीक्षेची तयारी करता करता 'बघू' म्हणायचं. तिन्ही मी एकाच मापाने मोजते: त्या कामाचा रोजचा, रटाळ भाग किती लवकर दिसतो?

टेस्ट सगळ्यांत झटपट. अर्ध्या दिवसात उरकते. अंक, भाषा, आकृत्या यांत तुमची पकड कितपत आहे ते ती बऱ्यापैकी सांगते. कल मोजणारा भाग मात्र जपून वाचावा. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडने १९५९ मध्ये मांडलेल्या, कामाच्या आवडीनुसारच्या सहा प्रकारांवर अशा बऱ्याच प्रश्नावल्या बेतलेल्या असतात, आणि तुम्ही जे लिहाल तेच त्या नीट लावून परत देतात. प्रयोगशाळेत कधी दिवस काढला नाही तो 'संशोधन आवडेल?' पुढे खुशाल 'हो' लिहितो. दहावीनंतर शाखा निवडताना याचा उपयोग जास्त, पदवीनंतर कमी. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्यांना तर दारातूनच नमस्कार करावा. त्याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल 'अगदी माझ्यासारखा' वाटला म्हणूनही भुलू नये. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोररने वर्गातल्या सगळ्यांना एकच स्वभाववर्णन वाटलं होतं, तरी ते आपल्याला किती जुळतं यासाठी मुलांनी पाचपैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले.

प्रत्यक्ष काम ही माझ्या मते सर्वांत सरस वाट, आणि घरच्यांना सर्वांत न पटणारी. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप किंवा प्रोजेक्ट आलेलंच आहे. बरीच मुलं ओळखीच्या माणसाचा सही-शिक्का आणून ते उरकतात आणि फुकट मिळालेली संधी घालवतात. पदवीनंतर केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत एक वर्ष काढता येतं. २०२१ मध्ये ती इंजिनिअरांपुरती न ठेवता कला, विज्ञान, वाणिज्यवाल्यांनाही खुली करायचं ठरलं.

तिथे दिसतं काय? इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बसलात, तर तीच चाचणी पुन्हा पुन्हा, प्रत्येक नोंदीवर सही, आणि चूक झाली तर खाडाखोड न करता एकच रेघ मारून शेजारी सही-तारीख. कुणाला यात जीव गुदमरल्यासारखं होतं, कुणाला भलतंच समाधान मिळतं. कुठलीही टेस्ट हे आधी सांगू शकत नाही. कर सल्लागाराकडे विवरणपत्रांच्या मोसमात बसा, म्हणजे आकडेमोडीपेक्षा ग्राहकांकडून कागद काढण्यातच दिवस जातो हे कळेल. शिक्षक व्हावंसं वाटतंय? एखाद्या क्लासमध्ये महिनाभर पेपर तपासून बघा. एक धोका मात्र आहे: साहेब खडूस निघाला की मुलं कामावरच फुली मारतात. म्हणून तेच काम जमल्यास दोन ठिकाणी पाहावं.

तेवढाही वेळ नसेल तर निदान विचारा तरी. 'सानंद' या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात अर्धं मराठी इंदूर एका जागी भेटतं. मात्र तीस वर्षांपूर्वी बँकेत लागलेल्या काकांपेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी लागलेली ताई गाठा, आणि 'कशी आहे नोकरी?' न विचारता 'काल दहा ते सहा काय केलंस?' विचारा.

आता पीएससी. आयोगाचं कार्यालय इंदूरलाच, भंवरकुआंला क्लास आणि लायब्रऱ्या हाताशी, त्यामुळे ही वाट वाट न वाटता आपोआप घडते. पूर्वपरीक्षा, मुख्य, मुलाखत; या तिन्हींतून अभ्यास सोसतो का ते कळतं, नायब तहसीलदाराचं काम सोसेल का ते नाही. इतिहासात रमणारा माणूस नामांतरण (जमिनीवरचं मालकाचं नाव बदलणं), सीमांकन (जमिनीची हद्द आखणं) आणि बंदोबस्ताच्या ड्युटीत रमेलच असं कुठे आहे? शिवाय वेळ हातात नसतो. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांमुळे ८७-१३ चं सूत्र आलं, म्हणजे ८७ टक्के जागांचे निकाल लावायचे आणि बाकीचे राखून ठेवायचे, आणि तेरा टक्के जागांचे निकाल अडकले. गणवेशाबाहेरच्या पदांना चाळिशीपर्यंत अर्ज करता येतो, म्हणून 'आता पुरे' म्हणणारंही कुणी नसतं.

काहीच सुचत नसेल, तर आधी टेस्ट, तीही फक्त नको त्या गोष्टी गाळायला. दोन-तीन कामांत मन अडकलं असेल, तर टेस्टचे पैसे वाचवा आणि थेट कामावर जा. पीएससीच हवी असेल तर तीही खुशाल करा, पण क्लासची फी भरण्याआधी तीन-चार दिवस तहसील कार्यालयात जाऊन बसा. महसुली प्रकरणांची सुनावणी तिथे सगळ्यांसमोर चालते. खुर्चीतल्या अधिकाऱ्यासमोर दिवसभर कोण येतं, काय मागतं, किती वेळा तारीख घेऊन परत जातं ते पाहा. तरीही त्या खुर्चीत बसावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.