आवराआवरीच्या वेळी टीव्हीवर व्हिडिओ की स्पीकरवर गाणं?

नाशिकच्या सिडको, इंदिरानगरकडच्या कितीतरी प्लेग्रुपमध्ये आता भिंतीवर टीव्ही असतो, आणि खेळ संपवून डबा खायची वेळ आली की ताई पटकन व्हिडिओ लावतात. पोरं लगेच गप्प बसतात खरी, पण ठोकळे तसेच पसरलेले, हात धुवायचे राहिलेले, आणि टीव्ही बंद केला की परत रडारड, म्हणजे एक बदल सोपा करायला गेलो आणि दुसरा अवघड करून ठेवला.

गाण्याचं तसं नाही. तेच छोटंसं गाणं रोज त्याच वेळी स्पीकरवर लावलं की डोळे नि हात मोकळे राहतात, मूल ऐकता ऐकता ठोकळे आवरतं, आणि तीन-चार वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नसलं तरी गाणं कुठवर आलंय हे बरोबर कळतं, शेवटचं कडवं आलं की नुसती धावपळ! मला तर रोजच्यासाठी हेच पटतं.

व्हिडिओ अगदीच नको असंही नाही हं. उद्या मुलांना गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रामकुंडावर न्यायचं असेल तर आदल्या दिवशी तिथली छोटी क्लिप दाखवा, मधे थांबवून बोला, नवख्या जागेची भीती कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी तर आणखी बरं असं सांगितलंय, घरी मोबाईल असतोच, मग त्यातला वेळ हात धुवायच्या रांगेत कशाला घालवायचा?

फक्त स्पीकरचा आवाज बेताचा ठेवा, दचकणारं मूल असेल तर त्याला आधी जवळ जाऊन सांगा.