मोबाइल होमचा एसी-हीटर ‘ताबडतोब बदला’ म्हणून कोणी दारात आलं, तर आधी हे वाचा

आमच्या घरात थंडी वाजत होती ती मशीन बिघडल्यामुळे नव्हे, फरशीखालचा डक्ट, म्हणजे हवा खोल्यांत नेणारी नळी, निखळल्यामुळे. ज्या माणसाने आम्हाला नवं मशीन विकलं त्याने फरशीखाली एकदाही डोकावून पाहिलं नाही. कर्ज मात्र काही वर्षांचं गळ्यात मारून गेला. अमेरिकेत मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेल्या घरात) राहणाऱ्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींना हे कळावं म्हणून सविस्तर लिहितोय. या घरांची रचना साध्या घरांपेक्षा वेगळी असते, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

आमचं घर दोन भागांचं. कारखान्यात दोन अर्धे तयार होतात आणि जागेवर आणून जोडतात. फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवणारं यंत्र, एका अर्ध्यात, कपाटाएवढ्या जागेत. ती गरम हवा खाली ढकलते, फरशीतल्या डक्टमधून ती खोल्याखोल्यांत जाते. दुसऱ्या अर्ध्यात हवा पोचवायला घराच्या पोटाखालून एक जाड लवचिक नळी टाकलेली असते, तिला क्रॉसओव्हर डक्ट म्हणतात. ही नळी निखळली, उंदरा-घुशींनी फाडली किंवा ओलसर मातीत पडून कुजली, की तापवलेली हवा सगळी घराखालच्या जमिनीला. आमच्याकडे तेच झालं होतं. झोपायच्या खोल्या हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात भट्टी, आणि बिल चढतंच.

अशा वेळी गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट घेऊन एक जण दारात आला. वीजबचतीच्या योजनेतून आलोय, तपासणी मोफत आहे, म्हणाला. ओळखपत्रावर सरकारी वाटावं असं चिन्ह होतं, नाव मात्र एका खासगी कंपनीचं. फर्नेसचं झाकण काढून फोन आत घातला आणि बाहेर काढून एक फोटो दाखवला: हीट एक्स्चेंजरला, म्हणजे जळणाचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या पेटीला, तडा. ‘कार्बन मोनॉक्साइड गळतोय. आज रात्री मुलांना इथे झोपवू नका.’ फर्नेसला ‘धोका, वापरू नका’ अशी लाल चिठ्ठी लावली आणि गॅसचा कॉक बंद केला. बायकोच्या पोटात गोळा आला, माझ्याही. बाहेर थंडी, घरात मुलं, आणि समोरचा माणूस शांतपणे सांगतोय की उद्याच्या उद्या नवं मशीन बसवून देतो.

कार्बन मोनॉक्साइडची भीती खोटी नाही, म्हणून इथे जरा थांबतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणसं मरतात. अलार्म वाजला तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला किंवा गॅस कंपनीला फोन करा. ते मीटरने मोजतात आणि त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं. आमच्याकडे आलेल्या माणसाने मोजलं काहीच नव्हतं. आमचा अलार्म गप्प होता, तर तो म्हणाला अलार्म जुना झालाय. पुढे एका जाणत्या तंत्रज्ञाला तो फोटो दाखवला (त्याने दाखवलेला फोटो बायकोने हुशारीने स्वतःच्या फोनमध्ये टिपून ठेवला होता). तो हसला. त्या फोटोतल्या बर्नरची मांडणीच आमच्या फर्नेसची नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्याच मशीनचा फोटो फिरवत होते.

आणखी एक गोष्ट त्या तंत्रज्ञानेच सांगितली. 15 जून 1976 पासून ही घरं केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘हड’ म्हणतात त्याच्या, नियमांनी बांधली जातात. त्या नियमांनुसार गॅसच्या फर्नेसचा जळणाचा भाग घरातल्या हवेपासून पूर्ण वेगळा ठेवावा लागतो: हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेर सोडायचा. म्हणून अशा घरांसाठी मान्यता असलेलीच फर्नेस लागते. साध्या घराची फर्नेस स्वस्तात आणून कपाटात बसवणारेही भेटतात. ती आतली हवा ओढते, आणि मग विकणाऱ्याने खोटी घातलेली भीती खरी होऊ शकते. मशीनवरच्या पट्टीवर मोबाइल होमसाठी मान्यता स्पष्ट लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय कोणालाही बसवू देऊ नका.

आम्हाला विकला गेला पाच टनांचा हीट पंप (उन्हाळ्यात घर गार आणि हिवाळ्यात गरम करणारं विजेचं यंत्र), सोबत विजेच्या कॉइलचा जोड-हीटर. टन हे मशीनच्या ताकदीचं माप: एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक). पाच कशाला, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, घराचं क्षेत्रफळ बघून काढलंय, आणि मोठं मशीन कधीही चांगलं. दोन्ही गोष्टी चूक. टनेज काढायची रीतसर पद्धत आहे, तिला मॅन्युअल जे म्हणतात. भिंतींचं आणि छताचं इन्सुलेशन, खिडक्या, दिशा, हवेची गळती, तुमच्या भागातलं हवामान, हे सगळं त्यात धरतात. नंतर ते गणित करून घेतलं तर आमचं घर तीन टनांच्या आत बसलं.

मोठ्या मशीनने काय होतं ते पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. सुरू झालं की झटक्यात घर गार करून बंद, थोड्या वेळाने परत सुरू. हवेतला ओलावा काढायला मशीनला सलग चालावं लागतं, ते कधी झालंच नाही. अंगाला गारवा, पण चादरी दमट आणि कपाटात कुबट वास. शिवाय टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा डक्टमधून जावी लागते. या घरांचे फरशीतले डक्ट अरुंद असतात, त्यात पाच टनांची हवा कोंबल्यावर जाळ्यांमधून शिट्टीसारखा आवाज यायचा. टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा, हे आता सांगायला गमतीचं वाटतं.

हिवाळ्यात तर आगीतून फुफाट्यात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो, त्यामुळे एका युनिट विजेत बहुतेक हवामानात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. विजेची साधी कॉइल एका युनिटला एकच युनिट ऊब देते, म्हणजे 3,412 बीटीयू, त्याच्यावर एक कण नाही. (इन्फ्रारेड, क्वार्ट्झ, सिरॅमिक अशा भारदस्त नावांनी विकल्या जाणाऱ्या 1,500 वॉटच्या हीटरांचंही तेच. जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना, सगळे सारखीच उष्णता देतात.) आमच्याकडे अर्धी हवा फरशीखाली जात असल्याने घर तापेना, घर तापेना म्हणून थर्मोस्टॅट जोड-हीटर लावायचा, आणि तो रात्रभर लागलेला. फुटका माठ भरायला मोठी कळशी आणून दिली होती आम्हाला. बिल जुन्या फर्नेसपेक्षा जास्त आलं.

कार्यक्षमतेचा आकडा हा वेगळाच प्रकार. 2023 पासून एसी आणि हीट पंपांना सीअर-टू (गार करण्याची कार्यक्षमता) आणि एचएसपीएफ-टू (गरम करण्याची) असे नव्या चाचणीचे आकडे असतात. माहितीपत्रकावर झकास आकडा होता. पण तो आकडा बाहेरचं युनिट आणि आतली कॉइल (हवा गार-गरम करणारी नळ्यांची जाळी, विजेच्या हीटरची नव्हे) या ठराविक जोडीचा असतो. एएचआरआय नावाची मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची संस्था त्या जोडीला क्रमांक देते आणि तो कोणालाही तपासता येतो. आमच्याकडे बाहेरचं एका कंपनीचं, आतली कॉइल दुसऱ्याच कंपनीची. त्या जोडीला क्रमांकच नव्हता, म्हणजे दाखवलेला आकडा आमच्या मशीनचा नव्हताच. करारावर सही करण्याआधी तो क्रमांक मागा. खरा माणूस लगेच देतो.

सरकार सगळे पैसे चेकने परत पाठवतं, हीसुद्धा थाप होती. तेव्हा हीट पंपाला करसवलत होती खरी, खर्चाच्या 30 टक्के आणि जास्तीत जास्त 2,000 डॉलर. पण ती भरायच्या आयकरातून वजा होणारी होती. कर कमी भरत असाल तर उरलेली रक्कम हाती येत नव्हती. 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना तीही राहिलेली नाही. आजही कोणी तीच कहाणी सांगत असेल तर त्याला तिथूनच निरोप द्या.

आता कागदपत्रं. सही टॅब्लेटवर घेतली, आणि पडदा इतका भराभर सरकवला की वाचायला वेळच मिळाला नाही. करार ईमेलने आला तो मशीन बसल्यानंतर. त्यात एका चौकटीत आपोआप टिक होती: ‘आणीबाणीची दुरुस्ती, रद्द करण्याचा हक्क सोडत आहे’. ही पळवाट कशासाठी ते कळायला वेळ लागला. केंद्राच्या व्यापार आयोगाचा नियम आहे की घरी येऊन केलेली 25 डॉलर किंवा त्याहून जास्तीची विक्री तुम्ही कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करू शकता, आणि विक्रेत्याने रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायलाच हव्यात. आणीबाणीचा अपवाद आहे, पण त्यासाठी ग्राहकाने स्वतः संपर्क साधलेला असावा लागतो आणि त्याच्या हस्ताक्षरातलं, सही-तारखेचं वेगळं निवेदन लागतं. टॅब्लेटवरची टिक त्यात बसत नाही. आणि दार तर त्यानेच ठोठावलं होतं.

मग अशा घरासाठी निवड कशी करायची? मशीनचा पंखा चालू ठेवून स्कर्टिंगची (घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या कडेच्या आवरणाची) एक फळी काढायची आणि बॅटरी घेऊन खाली बघायचं. तिथे हवेचा झोत लागतोय का, पोटाखालचं कापड लोंबतंय का, इन्सुलेशन भिजलंय का. आमच्या तंत्रज्ञाने डक्ट बंद करून दाबाची चाचणी घेतली, नळी पत्र्याच्या गळ्यावर पट्ट्याने आवळली, सांधे मॅस्टिकने (डक्टच्या फटी बुजवायच्या लुकणाने) भरले आणि नळी जमिनीवरून उचलून टांगली. एका दुपारचं काम. त्यानंतर पोटाखालचं कापड आणि इन्सुलेशन, मग दारं-खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी मशीन, कारण गळती थांबल्यावर लागणारं टनेजच कमी होतं. मिनी स्प्लिटला, म्हणजे एकेका खोलीत भिंतीवर लावायच्या छोट्या हीट पंपाला, डक्ट लागत नाही, त्यामुळे मोकळ्या बैठकीला तो उत्तम. पण बंद दाराच्या खोल्यांत त्याची हवा पोचत नाही. प्रत्येक खोलीला वेगळं युनिट परवडत नसेल, तर चांगले डक्ट आणि योग्य मापाचा हीट पंप बरा.

स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा झोपायच्या खोलीच्या कपाटात घराचा डेटा प्लेट नावाचा कागद चिकटवलेला असतो, तो शोधा. कारखान्यातून कोणती उपकरणं बसून आली ते त्यावर असतं. सोबतच्या हीटिंगच्या प्रमाणपत्रावर बाहेर किती थंडी असेपर्यंत मूळ यंत्रणा घरात 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 21 सेल्सिअस, राखू शकते तेही लिहिलेलं असतं. विकायला आलेल्या माणसाने हा कागद मागितला नाही, तर त्याला घराशी देणंघेणं नाही. उत्पन्न कमी असेल तर ऊर्जा खात्याचा वेदरायझेशन (घराची गळती बुजवून ऊर्जा वाचवण्याचा) कार्यक्रम बघा. तो 1976 पासून चालू आहे, मोबाइल होमनाही लागू आहे आणि पात्र कुटुंबांकडून पैसे घेत नाही. अर्ज आपण करायचा असतो. त्यांची माणसं दारोदार मशीन विकत फिरत नाहीत.

आम्ही राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे आणि ठेकेदारांना परवाना देणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली. कर्ज विक्रेत्यानेच जुळवून दिलेलं असेल, तर विक्रेत्याविरुद्धचं म्हणणं कर्ज देणाऱ्यापुढेही मांडता येतं, असं कलम करारात असावं लागतं. आमच्या करारात ते बारीक अक्षरात सापडलं, त्याच्या आधारे कर्ज कंपनीला लेखी कळवलं. त्यांचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: जुनी फर्नेस चांगली होती याचा पुरावा द्या. फर्नेस ते लोक ‘विल्हेवाट मोफत’ म्हणून त्याच दिवशी ट्रकमध्ये घालून घेऊन गेले होते. पुरावा म्हणून उरला बायकोच्या फोनमधला तो दुसऱ्याच मशीनचा फोटो, आणि सध्या सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. तेव्हा जुनं मशीन बदलायची वेळ आलीच, तर त्याच्या पट्टीचे आणि आतल्या भागांचे फोटो काढून होईपर्यंत ते अंगणाबाहेर जाऊ देऊ नका.