ठाणे स्टेशन: आठ महिने रोज गाडी बदलल्यानंतर

डोंबिवलीहून ऐरोलीला नोकरी लागली आणि ठाणे स्टेशनचा रोज दोनदा संबंध येऊ लागला. मी इथे ना राहते ना काम करते, फक्त गाडी बदलते. त्यामुळे हा अनुभव गाडी बदलणाऱ्या बाईचा आहे, ठाणेकरांनी सांभाळून घ्यावं.

माझ्यासारखीचं स्टेशन म्हणजे फलाट नव्हे, पूल. सकाळची फास्ट सहा नंबरला लागते, ऐरोलीकडे, म्हणजे नवी मुंबईला जाणारी ट्रान्स हार्बर नऊ-दहावरून सुटते. मधलं अंतर कागदावर काहीच नाही. पण तुमचा डबा जिन्यासमोर थांबला तर तीन मिनिटं, नाही थांबला तर ऐरोलीची गाडी डोळ्यांदेखत जाते. सरकत्या जिन्यापाशी रांग तुंबते, म्हणून मी साधा जिना धरते. गुडघे शाबूत असणाऱ्यांनी तोच धरावा.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. डोंबिवलीला कधी नव्हे ती आत जागा मिळाली, बसले. ठाण्याला "उतरना है क्या?" विचारत दारापर्यंत पोचायच्या आत चढणाऱ्यांनी मला परत आत ढकललं. उतरले थेट घाटकोपरला. तेव्हापासून मुंब्रा गेलं की उठायचं, तिघींच्या बाकावर दाटीवाटीने मिळालेली चौथी सीट असली तरी सोडायची.

संध्याकाळी पाच नंबरला उभं राहावं लागतं. पाच आणि सहा म्हणजे एकाच फलाटाच्या दोन कडा, आणि हा फलाट पूर्वी इतका अरुंद होता की दोन्हीकडे गाडी लागली की मधल्या माणसाने कुठे जायचं हा प्रश्नच. कॉलेजात असताना मी पिशवी पोटाशी धरून तिथे उभी राहिलेय. 2024 च्या मे अखेरीस 63 तासांचा ब्लॉक घेऊन रूळ बाजूला सरकवला आणि फलाट दोन-तीन मीटर रुंद केला. ऐकायला कमी वाटतं. पण आता गाडी शिरताना मागे सरकायला जागा असते, आणि या एका कामासाठी मी स्टेशनला एक तारा जास्त देते.

ट्रान्स हार्बर हे वेगळंच प्रकरण. 2004 साली ही लाईन सुरू झाली आणि ठाण्यातून नवी मुंबईला जायला कुर्ल्याचा वळसा संपला. वाशी, नेरुळ, पनवेल असे तीन बोर्ड लागतात. वाशीचा फाटा तुर्भ्यानंतर फुटतो, त्यामुळे ऐरोलीवाल्यांनी बोर्ड न वाचता चढावं. नवीन मुली मात्र धावत येऊन "ही पनवेल का?" विचारतात आणि उत्तर ऐकेपर्यंत दार भरतं. जानेवारी 2024 पासून ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव हे स्टेशन आलंय, तेव्हा पहिल्या थांब्याला उतरायची जुनी सवय असेल तर सावध.

पश्चिमेला बाहेर पडलात तर वर सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनाबाहेर उभारलेल्या उंच पुलावर टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसेस, खाली रिक्षा. पावसाळ्यात ही सोय खरी कळते, बसपर्यंत फारसं भिजायला होत नाही. चहा प्या, पण सुट्टे घेऊन जा. एका स्टॉलवाल्याने माझ्या शंभरच्या नोटेकडे असं पाहिलं की मी तशीच परत फिरले.

आणि हो, इतिहास. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, 34 किलोमीटर. वर्षभर ठाणं शेवटचं स्टेशन होतं, 1854 ला खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली. त्या पहिल्या गाडीला साधारण तासभर लागला होता. आजची स्लो मध्ये सतरा स्टेशनं घेऊन जवळपास तेवढ्याच वेळात येते.

पाचपैकी साडेतीन. सकाळी साडेआठ ते साडेनऊ टाळता आलं तर चार.