सकाळी ८ म्हणजे ८ ला रक्त घ्यायला आले, म्हणून मुद्दाम लिहितेय (लॅबचं होम कलेक्शन, घोडबंदर रोड)
कासारवडवलीला राहते, बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. मला लुपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे त्यामुळे अख्ख्या प्रेग्नन्सीत प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू होती, रोज १० मिलीग्रॅम. घरचे सगळे बाळाच्याच काळजीत, पण डॉक्टर म्हणाल्या ही गोळी बाळापर्यंत फार कमी पोचते, वारेतच बरीचशी निकामी होते, जपायचं आहे ते तुझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना (मूत्रपिंडांच्या वर असतात त्या). बाहेरून इतके महिने स्टिरॉइड मिळालं की मेंदूकडून त्यांना निरोप जाणंच कमी होतं आणि मग त्या स्वतःचं कॉर्टिसोल (शरीराचं आपलं स्टिरॉइड) बनवत नाहीत, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन हे वरचं स्टिरॉइड पण द्यावं लागलं आणि गोळी एकदम बंद करायची नाही हे तर दहा वेळा बजावलं.

आता गोळी ५ मिलीग्रॅमवर आलीये आणि सकाळची कॉर्टिसोल टेस्ट सांगितलीये. सकाळचीच, कारण तेव्हा ते सगळ्यात जास्त असतं, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच, नाहीतर टेस्ट प्रेडनिसोलोनलाच कॉर्टिसोल समजून आकडा वाढवून दाखवते. आधीच्या लॅबने (नाव नको) ८ सांगून ११ ला माणूस पाठवला, गोळीचं तर विचारलंच नाही, डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. तोपर्यंत मी गोळी न घेता रडणारं बाळ घेऊन बसलेली.

या लॅबचा आदल्या रात्री फोन आला, कुठलं स्टिरॉइड, शेवटची गोळी कधी, इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. पावणेआठला दादा गेटवर, ट्यूबवर वेळ लिहिली, एकाच टोचण्यात काम झालं.

तक्रार एकच. रिपोर्टवरची नॉर्मल रेंज सगळ्यांना सारखीच छापतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॉर्टिसोल एरवीच्या दुप्पट-तिप्पट असतं, मग स्टिरॉइडवर असलेल्या गरोदर बाईला आकडा नॉर्मल दिसेल आणि ग्रंथी मात्र झोपलेल्या असतील, आणि ती गोळी सोडून बसली तर? एक ओळ छापा ना खाली, प्लीज. फोन करून पण सांगितलंय.

माझ्या ग्रंथी अजून पूर्ण जाग्या झाल्या नाहीत, सध्या ५ मिलीग्रॅमच चालू. पुढच्या महिन्याचं सकाळी ८ चं बुकिंग याच लॅबकडे केलंय.